पुसणं

पहाटे साडेपाचला उपकेंद्राच्या भिंतीला निसणी लावते.
बादली, आणि बापाच्या धोतराचा फडका.
बाप गेला त्याला अकरा वर्षं झाली,
सूत अजून मऊ आहे.

काचेवर रात्रभर खाणीची भुकटी बसते,
ज्वारीच्या पिठाहून बारीक, काळी.
फडका ओढला की निळा पट्टा उघडतो.
अशा बारा पाट्या.
बारावीपर्यंत पोचते तोवर
पहिलीवर पुन्हा बोट उमटतं.

पैसा आला तेव्हा सभा भरली होती चिंचेखाली.
ग्रामसेवक म्हणाले, हवामानाचा निधी आहे.
वामन टेकाम म्हणाला, "हवेचा पैसा?
मंग हवेतच जाईन, बाप्पा."
खूप हसले सगळे.
मग कमान मागितली कोणी, नावं कोरलेली,
दोन्ही बाजूला सिंह.
सिंहाची तोंडं रस्त्याकडे की गावाकडे, यावर अर्धा तास गेला.

कुळमेथे सिस्टर तेवढ्यात लसीचा डबा घेऊन आल्या.
झाकण काढलं. बर्फाचं पाणी झालेलं.
एक कुपी चिमटीत धरून सगळ्यांपुढे फिरवली,
"हा चौकोन पांढरा पाहिजे.
काळा पडला की औषध मेलं.
एकोणतीस मेल्या. काल नऊ तास लाइन नव्हती."
एकोणतीस म्हणजे कोणाकोणाची लेकरं,
ते ज्यानं त्यानं मनात मोजलं.
सिंहांचं पुढे कोणी काढलं नाही.

आता बाहेर सत्तेचाळीस असतं
आणि फ्रिजच्या काट्यावर पाच.
सगळ्या गावात एवढीच जागा,
पेटीएवढी,
जिथं उन्हाळ्याला आत येऊ देत नाही.
पारबता मडावी आली ती रात्री दोनला,
पोरगं आठव्या महिन्याचं, बोटभर.
सिस्टरला टॉर्च दातात धरावा लागला नाही.
दातात काही नसलं की बाई बोलू शकते.
"जोर कर गं, दिसतंय मला डोकं," म्हणाल्या,
आणि खरंच दिसत होतं.

दिवाळीनंतर तपासणीचे साहेब आले, पांढरी गाडी.
कागदावर सगळं होतं: पाट्या, बॅटरी, वायर,
विमा, कोनशिला, उद्घाटनाचा हारसुद्धा.
देखभाल कोण करतं?
सिस्टरनी माझ्याकडे बोट केलं.
साहेबांनी पानं उलटली, परत उलटली.
"पुसण्याचं लेखाशीर्ष नाही."

माय म्हणायची, गरिबाले कोन पुसते.
तेव्हा वाटायचं, विचारण्याबद्दल बोलते.

मी म्हटलं, "साहेब, तीन दिस नाई पुसलं
तं आठाचे बारा होते आतमंदी.
अन् बारा वाजले का कुप्या गेल्या."
त्यांनी मान हलवली. माणूस वाईट नव्हता.
लिहिलं: देखभाल लोकसहभागातून.
लोकसहभाग म्हणजे मी,
अर्धवेळ परिचर, महिना तीन हजार,
येतात तेव्हा चार महिन्यांचे एकदम.

घरी चूल पऱ्हाटीचीच आहे.
धुरात खोकत भाकर थापते,
दारातून उपकेंद्राचा दिवा दिसतो, पांढरा, न हलणारा.
माझा अंकुश खाणीवर डंपर चालवतो, रातपाळीला.
रात्री तो उडवतो, सकाळी मी पुसते.
एका घरात दोन पगार, एकाच धुळीचे.
त्याला मी कधी बोलले नाही.
तोही भाकरी खाताना माझ्या नखांकडे बघत नाही.

सात वाजता उन्ह पाट्यांवर चढतं.
खाली येऊन फ्रिजला कान लावते,
घुर्रर चालू आहे.
फडका पिळते, वळणीवर टाकते.

बादलीतलं काळं पाणी कुठं ओतू,
हे अजून कोणी पुसलेलं नाही.